रक्षण कशापासून, कुणाचं?



संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा माझ्या मनात एकच नाव आलं : डॉ. शारदिनी डहाणूकर. या सभागृहातल्या पुष्कळांना त्या झाडांमुळे माहीत असतील. ‘वृक्षगान’, ‘हिरवाई’, ‘फुलवा’ ही त्यांची पुस्तकं मराठी घरांत प्रेमाने वाचली गेली. या पुस्तकांच्या लेखिका परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, पुढे नायर रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या, हे त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल, शतावरी, अश्वगंधा अशा वनस्पतींवर वर्षानुवर्षं जे काम केलं, ते तर शास्त्रीय नियतकालिकांच्या पानांतच राहिलं. आज मला त्या कामाविषयी बोलायचं आहे.

त्यांचं चरित्र मी सांगणार नाही. पदं आणि सन्मान यांची यादीही वाचणार नाही. मी स्वतः औषधशास्त्र शिकवते, आणि त्यांच्या कामातून मला जो एक प्रश्न मिळाला तो तुमच्यापुढे ठेवणार आहे. एखादी वनस्पती विषापासून रक्षण करते असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? कशापासून रक्षण? कुणाचं? कधी दिली तर? किती दिली तर? ‘यकृतरक्षक’, ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ असे शब्द आज प्रत्येक औषधाच्या दुकानात फळीवर मांडलेले दिसतात. ते शब्द जणू त्या झाडाच्या अंगचा गुण असल्यासारखे वापरले जातात, जसा मिरचीचा तिखटपणा. माझं म्हणणं असं आहे की रक्षण हा झाडाचा अंगभूत गुण नाही. ते झाड, ते विष, तो माणूस आणि ती वेळ या चौघांमध्ये घडणारी ती एक घटना आहे. चौघांपैकी एक बदलला की घटना बदलते. कधी कधी तर पार उलटी होते.

आता यकृताकडे येऊ.

कार्बन टेट्राक्लोराइड नावाचा एक द्रव आहे. बिनरंगी, किंचित गोडसर वासाचा. एके काळी तो कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरत, आग विझवण्याच्या नळकांड्यांत भरत. तो यकृताचा घात करतो हे कळल्यावर घरगुती वापरातून तो गेला आणि प्रयोगशाळेत मात्र टिकून राहिला. का? कारण उंदराच्या यकृताला ठरवून, मोजून इजा करायची असेल तर त्याच्यासारखं खात्रीचं साधन नाही. यकृताचं रक्षण करणारी वनस्पती शोधायची, तर आधी यकृताला इजा करावी लागते, मग वनस्पतीने ती इजा किती कमी होते ते बघायचं. जगभरच्या प्रयोगशाळांत हजारो वेळा केला गेलेला हा प्रयोग आहे.

यातली मेख नीट ऐका. यकृताची नासाडी तो द्रव थेट करत नाही. यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्याला मोडायला जातात. सायटोक्रोम पी-४५० या कुळातलं एक विकर त्याच्यातला क्लोरीनचा एक अणू सोडवतं, आणि मागे राहतो तो अत्यंत उतावळा तुकडा, मुक्त मूलक. तो पेशीच्या पटलातल्या स्निग्ध रेणूंवर तुटून पडतो. एक रेणू बिघडला की तो शेजारचा बिघडवतो, तो पुढचा. पटल फाटतं, पेशीच्या आतली विकरं रक्तात उतरतात. तुमच्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘एसजीपीटी वाढलं’ असं जे येतं, ते हेच. म्हणजे विष बाहेरून येत नाही, ते यकृत स्वतःच्या हाताने तयार करतं.

पॅरासिटामॉलचंही तसंच. ठरलेल्या मात्रेत निर्धोक असलेली ही तापाची गोळी कुणी मूठभर खाल्ली, तर तीच विकरं तिच्यापासून एक घातक पदार्थ बनवतात. यकृताजवळ ग्लुटाथायोनचा साठा असतो, तो या घातक पदार्थाला गाठून निकामी करतो. साठा संपला की पेशी मरू लागतात. म्हणून रुग्ण वेळेत पोचला तर डॉक्टर एन-ॲसिटिलसिस्टीन देतात, ज्यापासून ग्लुटाथायोन पुन्हा तयार होतं. पहिल्या आठ तासांत दिलं तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं. उशीर होत जातो तसतसा फायदा घटत जातो. याला मी रक्षण म्हणते. इथे सगळे प्रश्न सुटलेले आहेत : कशापासून, कुणाचं, किती, केव्हा.

आता उंदराच्या प्रयोगाकडे परत या. समजा, उंदराला आठवडाभर एखाद्या वनस्पतीचा अर्क पाजला, मग कार्बन टेट्राक्लोराइड दिलं, आणि एसजीपीटी अपेक्षेपेक्षा कमी वाढलं. निष्कर्ष काय काढायचा? वनस्पतीने यकृताचं रक्षण केलं? थांबा. एक शक्यता अशी की अर्काने मुक्त मूलकांना आवर घातला. दुसरी अशी की पेशींची दुरुस्ती वेगाने झाली. आणि तिसरी? अर्काने ते विकरच अडवून धरलं. विकर अडलं, म्हणून विष तयारच झालं नाही. कागदावर आकडे तितकेच सुंदर दिसतील. पण ज्या अर्काने उंदरात विकर अडवलं, तो माणसातही विकरं अडवू शकतो, आणि त्याच विकरांनी शरीरातून बाहेर जाणारी इतर औषधं मग रक्तात साचत जातील. उंदराला जे रक्षण वाटलं, ते नियमित औषधं घेणाऱ्या साठीच्या माणसाला संकट ठरू शकतं.

आणखी एक गोष्ट. प्रयोगात उंदराला औषध आधी मिळतं आणि विष नंतर. माणसाचं काय? माणूस दवाखान्यात येतो तो विष अंगात गेल्यावर, कावीळ डोळ्यांत उतरल्यावर. आधी दिलेल्या औषधाचा पुरावा नंतर दिलेल्या औषधाला लागू पडतो का? हा प्रश्न न विचारता निघालेले निबंध ढिगाने आहेत. मी परीक्षक म्हणून असे निबंध वाचते, आणि दर वेळी मला डहाणूकरांच्या गटाने पुढे काय केलं ते आठवतं.

१९८४ साली निर्मला रेगे, शारदिनी डहाणूकर आणि एस. एम. करंदीकर यांनी गुळवेल आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. गुळवेल यकृताचं रक्षण करते असं त्यात दिसलं. दुसरं कुणी असतं तर इथेच थांबलं असतं. यादीत एक वनस्पती वाढली, काम झालं. हा गट थांबला नाही. त्यांनी विचारलं : यकृतातल्या नेमक्या कोणत्या पेशीवर हिचा परिणाम होतो?

यकृतात काम करणारी मुख्य पेशी वेगळी आणि राखण करणारी वेगळी. राखणीच्या पेशींना कुप्फर पेशी म्हणतात. रक्त यकृतातून वाहत असतं, त्याच वाटेवर त्या चिकटून बसलेल्या असतात आणि आतड्यातून आलेले जंतू, जंतूंच्या कवचांचे तुकडे, कचरा गिळून टाकतात. त्या काम करताहेत की नाही हे बघायची एक जुनी आणि सोपी रीत आहे. प्राण्याच्या रक्तात कार्बनचे अगदी सूक्ष्म कण सोडायचे आणि ठरावीक मिनिटांनी थेंबभर रक्त घेऊन बघायचं की काळेपणा किती उरला. कुप्फर पेशी सशक्त असतील तर रक्त भराभर स्वच्छ होतं. सुस्तावल्या असतील तर कण फिरत राहतात. यकृताला दीर्घकाळ इजा झालेल्या उंदरांत ही स्वच्छता मंदावते, आणि गुळवेल दिल्यावर ती सुधारते, असं या गटाने १९९४मध्ये दाखवलं. म्हणजे गुळवेलीचं लक्ष्य यकृताची कष्टकरी पेशी नसून राखणदार पेशी असावी, असा धागा हाती लागला.

हा धागा केवळ उंदरापुरता ठेवायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. औषधशास्त्राचा विभाग आणि शस्त्रक्रियेचा विभाग एकाच आवारात होते, आणि शस्त्रक्रियेकडे डॉ. रवी बापट होते. त्यांच्या विभागात अवरोधी काविळीचे रुग्ण येत.

ही कावीळ काय असते? यकृतातून पित्त आतड्यात उतरतं ती नळी खड्याने किंवा कर्करोगाच्या गाठीने बंद होते. पित्त रक्तात साचतं, डोळे हळदीसारखे पिवळे होतात, लघवी गडद, शौचाला पांढरं, अंगाला रात्रंदिवस खाज. शस्त्रक्रिया करून वाट मोकळी करणं हा उपाय. पण त्या काळात हे रुग्ण शस्त्रक्रिया नीट पार पडूनही मरत. सर्जनच्या हाताचा दोष नसे. काही दिवसांत थंडी वाजून ताप येई, रक्तदाब उतरे, मूत्रपिंडं थांबत. रक्तात जंतू माजलेले असत.

असं का व्हायचं? पित्ताचं एक काम असं आहे की आतड्यातल्या जंतूंच्या कवचातलं विष, ज्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, ते बांधून ठेवायचं. पित्त आतड्यात उतरेनासं झालं की हे विष मोकळं सुटतं आणि रक्तातून यकृताकडे येतं. तिथे कुप्फर पेशी ते गिळतील अशी अपेक्षा. पण साचलेल्या पित्तामुळे त्याही मलूल झालेल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशीसुद्धा जंतू गिळायला आणि मारायला कमी पडू लागलेल्या. म्हणजे विषाचा लोंढा वाढला आणि पहारा त्याच वेळी ढिला पडला. प्रतिजैविकं दिली तरी पहाऱ्याचं काम ती करू शकत नाहीत.

१९९३ साली या गटाचा जो निबंध आला, तो मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी वाचायला देते. कर्करोगामुळे पित्तमार्ग बंद झालेले ३० रुग्ण. त्यांचे दोन गट पाडले, दोन्ही गटांची अवस्था सारखी असेल याची काळजी घेतली. दोन्ही गटांना जीवनसत्त्व के, प्रतिजैविकं आणि पित्ताचा निचरा हे नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला निचऱ्याच्या काळात त्याशिवाय गुळवेलही दिली, वजनाच्या किलोमागे दिवसाला १६ मिलिग्रॅम. निचऱ्यानंतर काय दिसलं?

यकृताच्या तपासण्या दोन्ही गटांत सारख्याच निघाल्या.

हे वाक्य मी मुद्दाम सुटं सांगितलं. जी वनस्पती ‘यकृतरक्षक’ म्हणून बाजारात खपते, तिने या रुग्णांत यकृताच्या तपासण्यांत फरक पाडलाच नाही. फरक पडला तो पांढऱ्या पेशींत. जंतू गिळण्याची आणि मारण्याची त्यांची ताकद फक्त गुळवेल मिळालेल्या गटात पूर्ववत झाली. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के.

हा आकडा ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, मला ठाऊक आहे. पण ३० रुग्ण म्हणजे थोडे रुग्ण. इतक्या लहान अभ्यासात दैवाचा हात मोठा असू शकतो. त्यावरून ‘गुळवेल जीव वाचवते’ असं सरसकट म्हणता येणार नाही. मला या निबंधात मोलाचं वाटतं ते वेगळंच. त्यांनी यकृताच्या तपासण्या सारख्याच राहिल्याचं लपवलं नाही. उलट तोच पुराव्याचा भाग केला. रक्षण कुठे घडलं आणि कुठे घडलं नाही, हे दोन्ही सांगितलं. जे घडलं नाही ते छापायला शास्त्रज्ञाला जास्त बळ लागतं.

केईएमच्या भिंतींना अशा कामाची सवय होती, हेही सांगायला हवं. १९४९ साली याच रुग्णालयाशी जोडलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब कसा उतरतो याविषयीचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि एक भारतीय मुळी जगाच्या वैद्यकात गेली. वैद्यांना ती मुळी शतकानुशतकं माहीत होती. वकीलांनी काय केलं? रुग्ण मोजले, रक्तदाब मोजला, किती दिवसांत किती उतरला ते लिहिलं. आपल्याकडे ज्ञान नव्हतं असं कधीच नव्हतं. मोजून लिहून ठेवणाऱ्यांची मात्र फार वाण होती.

डहाणूकर आणि उर्मिला थत्ते यांनी १९८९मध्ये ‘आयुर्वेद रिव्हिजिटेड’ हे पुस्तक लिहिलं, त्यामागे हीच धडपड होती. आयुर्वेदात रसायन म्हणून सांगितलेल्या वनस्पतींपैकी सहा त्यांनी पुन्हा पुन्हा तपासल्या : गुळवेल, शतावरी, अश्वगंधा, आवळा, पिंपळी, हिरडा. विषं वेगवेगळी घेतली. पोटात जंतू सोडून पेरिटोनायटिस घडवलं. कर्करोगावरचं सायक्लोफॉस्फमाइड देऊन पांढऱ्या पेशी घटवल्या. सिस्प्लॅटिन देऊन पोटाची आणि आतड्याची चाल बिघडवली. प्रत्येक वेळी प्रश्न तोच : या विषापुढे ही वनस्पती काय करते? गुळवेल बहुतेक ठिकाणी पुढे राहिली. कर्करोगाचं औषध हे स्वतःच एक नेमकं वापरलेलं विष आहे, आणि त्याचा मारा निरोगी पेशींवर कमी कसा पडेल हा तेव्हाही जिवंत प्रश्न होता, आजही आहे.

पण प्रश्न जिवंत असला म्हणजे पहिलं उत्तर बरोबर असतं असं नाही. भुईआवळ्याची गोष्ट घ्या. पावसाळ्यानंतर अंगणात, रस्त्याच्या कडेला, कुंडीत आपोआप उगवणारं हे बोटभर झुडूप. पानांच्या खाली ओळीने मोहरीएवढी फळं. काविळीवरचा हा घरोघरचा उपाय. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये चेन्नईच्या संशोधकांचा एक निबंध आला, त्यात हिपॅटायटिस बी विषाणूचा शोध लावणारे नोबेलविजेते बारूक ब्लुमबर्गही होते. भुईआवळा दिलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, नुसतं नाटकी औषध दिलेल्या २३ जणांपैकी एकाच्याच. केवढी आशा निर्माण झाली! जगभर लोकांनी तो प्रयोग करून पाहिला. नंतरच्या चाचण्यांत तसा परिणाम पुन्हा दिसला नाही. दरवेळी वनस्पती तीच होती का, तिची जात तीच होती का, कोणत्या जमिनीतली, कोणत्या ऋतूत खुडलेली, हे प्रश्न उरले. एका चाचणीने आशा बाळगावी, लस टाळू नये. हिपॅटायटिस बीची लस आज सरकारी लसीकरणात बाळांना मोफत मिळते. जिथे रोग टाळता येतो तिथे झाडाच्या भरवशावर राहणं मला मान्य नाही.

आणि सर्पदंशाचं काय? हा प्रश्न मला गावोगावी विचारतात, म्हणून दोन वाक्यं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापैकी कुणीही चावलं तर रुग्णाला हलू न देता जिथे प्रतिविष मिळेल त्या दवाखान्यात न्या. कुठलीही मुळी, कुठलाही पाला प्रतिविषाची जागा घेऊ शकत नाही, आणि मुळी शोधण्यात गेलेला तास परत येत नाही. वनस्पतींवर प्रेम करणारी बाई म्हणून मी हे जास्त ठामपणे सांगते.

आता मी सगळ्यात अवघड भागाकडे येते, आणि तो गुळवेलीचाच आहे.

२०२० साल आठवा. साथ आली, आणि घराघरांत काढा उकळू लागला. गुळवेलीची कांडी, तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी. गच्चीतल्या कुंडीत गुळवेल लावली गेली, शेजाऱ्याने शेजाऱ्याला फांदी दिली. औषधांच्या दुकानात रस, गोळ्या, चूर्ण. भीतीच्या त्या दिवसांत माणसं हातात जे होतं ते करत होती, त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण २०२१मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली, सगळ्यांना यकृताचा दाह झालेला, आणि त्या दाहाचं रूप स्वप्रतिकारी आजारासारखं, म्हणजे शरीराची राखण करणारी यंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखीच दिसणारी तिची बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, घेतली गेली असेल.

आक्षेप योग्य होता. मी तर म्हणेन, फार महत्त्वाचा होता. २०२२मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, आणि तीत रुग्णांकडून मिळालेले नमुने तपासले होते. ती गुळवेलच निघाली, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. रुग्णांपैकी काही दगावलेसुद्धा.

मग १९८४ आणि १९९३ खोटं ठरलं का? मला असं विचारणारे भेटतात, आणि दुसऱ्या बाजूने ‘हा सगळा परदेशी कंपन्यांचा डाव’ म्हणणारेही भेटतात. दोघांनाही मी एकच सांगते : १९९३चा निबंध पुन्हा वाचा. गुळवेलीने काय केलं होतं? राखणदार पेशींना जाग आणली होती. ज्या माणसाच्या राखणदार पेशी मलूल होत्या, त्याला ती जाग जीवदान ठरली असावी. आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच बिथरलेली आहे, जिला स्वतःच्या यकृताची ओळख नीट राहिलेली नाही, आणि हे त्याला माहीत नाही कारण अजून काही दुखत नाही. त्याला तीच जाग दिली तर? नोंदी करणाऱ्या संशोधकांनीही हाच कयास मांडला आहे. एकच गुण, दोन माणसं, दोन निकाल. केईएमच्या त्या गटाने गुळवेलीचा परिणाम कुठे होतो हे इतक्या नेमकेपणाने शोधून ठेवलं नसतं, तर चाळीस वर्षांनी हे कोडं समजून घ्यायला आपल्या हाती काहीच नसतं. म्हणून मला त्यांचं काम आज जुनं वाटत नाही. ते आज जास्त लागतं.

आणि ओळखीचा मुद्दा? इथे मला ‘वृक्षगान’ची लेखिका आठवते. झाडं ओळखणं हा त्यांच्या आयुष्यातला वेगळा छंद होता आणि औषधशास्त्र वेगळं, असं मला कधीच वाटलं नाही. गुळवेल हातात घेऊन बघा. जून खोडावर पातळ, कागदासारखी तपकिरी साल असते, नखाने खरवडली की आत ओलं हिरवं लागतं. कांडी आडवी कापली तर मध्यापासून कडेपर्यंत आरे गेलेले स्पष्ट दिसतात. पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत. उंच झाडावरून हवेत सोडलेली लांब बारीक मुळं दोऱ्यांसारखी लोंबत असतात. कापलेली कांडी कोपऱ्यात टाकून दिली तरी ती फुटते. क्रिस्पाच्या खोडावर मात्र गाठी ठळक आणि दाट असतात. हा फरक बघायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे लागतात. पण चूर्ण झाल्यावर डोळे काय करणार? म्हणून संशोधनात वापरलेल्या प्रत्येक वनस्पतीचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये जपून ठेवायचा असतो, पन्नास वर्षांनी कुणी विचारलं तर दाखवायला. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथल्या एखाद्या शीटवर चिकटवलेली वाळकी फांदी, खाली शाईने लिहिलेलं गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव बघितलं की मला वाटतं, औषधशास्त्राचा पहिला धडा इथे द्यायला हवा. औषधांच्या दुकानातल्या चूर्णाच्या डबीवर अशी ओळख कुठे असते? कोणत्या जिल्ह्यातली, कोणत्या झाडावर चढलेली, कुणी ओळखलेली? ही माहिती मागणं हा ग्राहकाचा हट्ट नाही, हक्क आहे.

इथे बसलेल्या डॉक्टरांना मला काही मागायचं आहे. रुग्णाचा इतिहास घेताना ‘कोणती औषधं घेता?’ एवढंच विचारू नका. काढा, चूर्ण, रस, अर्क, आसव यांना रुग्ण औषध समजत नाही. तो ‘काही नाही’ म्हणतो आणि खरंच बोलत असतो. वेगळं विचारा : घरी काय उकळून घेता? कधीपासून? कुणी सांगितलं? कुठून आणता? आणि आवाज चढवू नका, कारण एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी तो सांगणार नाही. वैद्यांनाही हेच मागणं आहे, उलट दिशेने. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला काही देण्याआधी त्या गोळ्यांची यादी बघा. घरात कुणाला थायरॉइडचा, सांध्यांचा, त्वचेचा स्वप्रतिकारी आजार असेल तर गुळवेल देण्याआधी यकृताची साधी रक्ततपासणी करून घ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा करा.

काही विपरीत दिसलंच, तर त्याची नोंद करा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्था २०१०पासून आपल्याकडे आहे, आयुष औषधांसाठीही स्वतंत्र व्यवस्था आहे. फॉर्म एका कागदाचा असतो. त्यात रुग्णाचं नाव लागत नाही. संशयित औषध, मात्रा, सुरू केल्याची तारीख, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, बंद केल्यावर काय झालं. आणि जमलं तर उरलेल्या चूर्णाची पुडी फेकून न देता जपून ठेवा, कारण पुढचा प्रश्न असणार आहे की ते नेमकं कोणतं झाड होतं.